हजेरीत नाव

प्रिय दिल्या,

सात महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. शिव्या दे, पण आधी वाच. माझी तब्येत बरी, शुगर काठावर.

मंगळवारी पहाटे अण्णांनी नेहमीच्या पन्नास बैठका मारल्या, घाम पुसला आणि मला विचारलं, "कुठल्या तुकडीतला रे तू?" मी हसलो. ते हसले नाहीत. ८२ वर्षं, बीपी नाही, गुडघे माझ्यापेक्षा धड. आणि तालमीच्या भिंतीवर गेरूने ते वाक्य कुणी लिहिलं होतं? 'निरोगी शरीरात निरोगी मन.'

तुझा वक्तृत्वाचा कप त्याच वाक्यावरचा. 'स्वामी विवेकानंदांनी म्हटलेच आहे' असं ठोकून दिलंस. मी 'ते परदेशी आहे' म्हणालो, तर मलाच खाली बसवलं. तर ऐक, ते युवेनाल नावाच्या रोमन कवीचं आहे, दुसऱ्या शतकातलं. अण्णांना ॲसिक्सचे बूट घेतले, तेव्हा लेकीने सांगितलं की ते नाव म्हणजे लॅटिन आद्याक्षरं: 'ॲनिमा साना इन कॉर्पोरे सानो.' जपानी कंपनीने १९७७ साली घेतलेलं नाव. मूळ ओळीत 'मेन्स', म्हणजे मन. यांनी तिथे 'ॲनिमा', प्राण, घातला. मन काढूनच टाकलं बघ.

मग रात्री जागून ती कविता भाषांतरात वाचली. ३६६ ओळी, माणसं देवाकडे काय काय मागतात आणि तेच मिळून कशी बुडतात याच्या. रोमन सम्राटाचा उजवा हात सेजानस सत्तेला चिकटला, तर त्याचा पुतळा वितळवून तवे आणि मुताची भांडी केली. रोमवर चालून गेलेल्या सेनापती हॅनिबलला तर म्हणतो, जा वेड्या, ओलांड आल्प्स, शाळकरी पोरांना भाषणाला विषय होशील. (तुझीच आठवण झाली.) आणि मग दीर्घायुष्य मागणाऱ्यांची पाळी. हातपाय जाण्याहून वाईट ते डोकं जाणं, म्हणतो. काल रात्री शेजारी जेवलेला मित्र ओळखू येत नाही, स्वतः जन्म देऊन वाढवलेली पोरंही नाहीत. तिथे पुस्तक मिटलं, चहा केला.

आपलं वाक्य त्यानंतर, ३५६व्या ओळीत. शरीर धड तर मन धड, असं तो म्हणतच नाही रे! मागायचंच असेल तर निरोगी शरीरात निरोगी मन मागा, एवढंच. ते 'मागा' वाटेत गळलं. १६९३ साली जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने मुलांच्या शिक्षणावरचं पुस्तक याच शब्दांनी सुरू केलं, सुखाचं वर्णन म्हणून. पुढे शाळा-व्यायामशाळांनी त्याची हमीच करून टाकली. अण्णांनी त्या हमीवर तीस वर्षं पोरांकडून जोर काढून घेतले. त्यांना आता हे सांगू? सांगितलं तर कुणाला सांगतोय मी?

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली? लेकीचा निकाल कळव.

काल त्यांनी पुन्हा हजेरी घेतली, अंगणात, शिट्टीसकट. माझं नाव आलंच नाही. "दिलीप कुठाय? आज पण दांडी?" म्हणाले. चाळीस वर्षांनी तुझा पुन्हा राग आला, लेका. दिवाळीआधी ये. पहाटे सहाला अंगणात उभा राहा आणि 'हजर' म्हण.

तुझा,
बंड्या

ता. क. तो कप घेऊन ये. माझा आहे.