वकीलबाई, आईच्या वतीने तुमचे आभार

आदरणीय वकीलबाई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आमच्या गोव्यात, डिचोलीकडे कोर्टाचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणतात आणि आतल्या आत झुरतात. आईच्या नावे चेकच्या खटल्यात अटकेचं वॉरंट निघालं तेव्हा आईने आणि मी ते दिवस काढले आहेत. त्यातून तुम्ही आम्हाला कसं बाहेर काढलंत, ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते.

आईने शिलाई मशिनींसाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढलं होतं आणि तारण म्हणून सही केलेला कोरा चेक दिला होता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शिवणकामच बंद पडलं आणि हप्ते थकले. पुढे तिने ते फेडले, पावत्या जपून ठेवल्या. पण मधल्या काळात तो चेक बँकेत लावला गेला होता, न वटता परत आला होता आणि चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं जे कलम १३८ आहे, त्याखाली खटला उभा राहिला होता. आम्ही तोवर भाड्याची खोली सोडून दुसऱ्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, राहायला आलो होतो. नोटीस आणि समन्स जुन्या पत्त्यावर जात राहिले. हप्ता चुकला की ज्या मोबाईलवर कंपनीचा माणूस दिवसातून कितीदा तरी फोन करायचा, तो आईचा नंबर तक्रारीत कुठेच नव्हता, ही गोष्ट मला अजून खुपते. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावण्याची सोय आहे. तक्रारदाराने खरा, चालू नंबर देणं सक्तीचं झालं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आम्हाला कळलं ते जुन्या घरमालकिणीच्या फोनवरून. पोलीस येऊन आईची चौकशी करून गेला होता, ‘वॉरंट आहे’ एवढंच बोलला होता. कुठल्या कोर्टाचं, कुठल्या खटल्यातलं, काही नाही. त्यानंतर सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, ओळखीने मिटवून देतो, पैसे तयार ठेवा. कुणी म्हणालं, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गला मामाकडे चार-सहा महिने जाऊन राहा, सगळं थंड होईल. आई रात्री गाडीचा आवाज आला की उठून बसायची.

मग अंगणवाडीतल्या बाईंनी मोफत वकील देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीचं नाव सांगितलं आणि आम्ही तुमच्यापुढे येऊन बसलो. तुम्ही आईला पहिला प्रश्न विचारलात तो तिच्या माहेरच्या नावाचा. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. कॉम्प्युटरवर कोर्टातले खटले शोधायची ई-कोर्ट्सची साइट उघडल्यावर लागला. आमच्याकडे लग्नात बायकांचं नावही बदलतं, आडनावही. त्यातून गोव्यातली आडनावं इंग्रजीत लिहायच्या तऱ्हा कितीतरी. गावकरच घ्या, एकाच घरातल्या दोन भावांच्या कागदांवर दोन स्पेलिंगं सापडतील. बँकेचं खातं आईच्या लग्नाआधीचं, म्हणून चेकवर माहेरचं नाव, म्हणून खटलाही त्याच नावाने. आम्ही घरी मोबाईलवर सासरचं नाव घालून शोधत होतो आणि काही सापडत नाही म्हणून खोटाच दिलासा मानून घेत होतो.

दुसरी गाठ कोर्टाची. आम्ही डिचोलीच्या कोर्टाची यादी धरून बसलो होतो. तुम्ही सांगितलंत की चेकच्या कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीपासून, खात्यात भरलेल्या चेकचा खटला तक्रारदाराचं खातं ज्या बँक शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालतो. कर्ज डिचोलीत दिलेलं असलं तरी कंपनीचं खातं दुसऱ्या तालुक्यात असू शकतं. मग तुम्ही एकेक कोर्ट संकुल निवडून, वर्ष बदलून, स्पेलिंग बदलून, बाहेर इतकी माणसं ताटकळत असतानाही, न कंटाळता शोधत राहिलात. सापडल्यावर सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून आईच्या हातात दिलात आणि म्हणालात, आता हा नंबर जपा, कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टेबलावर हाच विचारतील. पुढची तारीख, टप्पा, आधीचे आदेश, सगळं त्या एका नंबरावर निघालं. आधी जामीनपात्र वॉरंट, तेही बजावलं न गेल्यामुळे पुढे एनबीडब्ल्यू, म्हणजे अजामीनपात्र वॉरंट.

‘अजामीनपात्र’ ऐकून आई रडायला लागली. तेव्हा तुम्ही खुर्ची तिच्याजवळ ओढून कोंकणीत म्हणालात, “भिऊं नाकात, हांव आसां.” आणि मग जे समजावलंत ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. चेकचा गुन्हा मुळात जामीनपात्र आहे. वॉरंट कडक झालं ते हजर न राहिल्यामुळे, आणि हजर झाल्यावर ते रद्द करायचा अधिकार त्याच कोर्टाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगून ठेवलं आहे की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि त्यानेही भागलं नाही तरच अजामीनपात्र. म्हणजे समन्स हातात पडलंच नव्हतं हे कोर्टापुढे मांडण्यात अर्थ आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असला तर महिला अधिकाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते. आई त्या रात्री झोपली, वकीलबाई. एवढ्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

दोडामार्गच्या सल्ल्याचं काय, हेही आईने विचारलं. तुम्ही रागावला नाहीत. वॉरंटला मुदत नसते; कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत ते जिवंत राहतं, आणि ते भारतात कुठेही बजावता येतं, असं तुम्ही शांतपणे सांगितलंत. पळत राहिलं तर पुढची पायरी फरारी म्हणून जाहीरनाम्याची, नंतर मालमत्तेच्या जप्तीची. आपण होऊन कोर्टात गेलेला माणूस आणि पकडून आणलेला माणूस यांच्याकडे न्यायाधीश एकाच नजरेने बघत नाहीत, हेही सांगितलंत.

कोर्टाच्या दिवशी तुम्ही आमच्या आधी पोचला होतात. अर्ज इंग्रजीत होता. सही घेण्याआधी तुम्ही तो आईला ओळीओळीने कोंकणीत सांगितलात. पत्ता बदलल्याचे पुरावे म्हणून नव्या घराचं वीजबिल आणि रेशनकार्ड, शिवाय कर्जफेडीच्या पावत्या, सगळं तुम्हीच क्रमाने लावलं होतं. आमचे शेजारी घरपट्टीची पावती घेऊन जामीनदार म्हणून आले, त्यांचेही इथे आभार मानते. दुसऱ्याच्या घरच्या कोर्टकचेरीत सही करायला माणसं सहजी पुढे येत नाहीत. पुकारा झाला. आतलं इंग्रजी बोलणं आईला कळत नव्हतं, पण तुम्ही मध्येच मागे वळून तिला काय चाललंय ते सांगत होतात. न्यायाधीशांनी थोडी रक्कम भरायला सांगितली, जातमुचलका, म्हणजे आईची स्वतःची लेखी हमी, आणि जामीनदार घेतला, वॉरंट रद्द केलं आणि पुढच्या तारखांना हजर राहण्याची ताकीद दिली. इतके महिने ज्याच्या धाकात काढले, ते काही मिनिटांत झालं.

आम्ही घरी निघालो होतो. तुम्ही थांबवलंत. आदेशाची प्रमाणित प्रत घेतल्याशिवाय जायचं नाही, आणि ती घेऊन पोलीस ठाण्यात द्यायची, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, म्हणालात. कोर्टाकडून कळवलं जातंच, पण कागद पोचायला वेळ लागतो. मुंबईतल्या एका वकिलाला १५ ऑगस्ट २००२ रोजी अशाच वॉरंटवर अटक झाली होती, जे तीन दिवस आधीच रद्द झालं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये वॉरंटांच्या नोंदी कशा ठेवाव्यात, रद्द झाल्याचं कसं कळवावं याचे निर्देश आले. एखाद्या वकिलाची ही गत झाली तर आमच्यासारख्यांची काय झाली असती! ठाण्यातला शिक्का असलेली ती प्रत आई आजही पर्समध्ये ठेवते.

बाकीचं लवकर आटोपलं. पावत्या पाहून कंपनी तडजोडीला आली, लोकअदालतीत खटला मिटला. कायद्यात या गुन्ह्याला तडजोडीची मुभा आहे, ती मागायची असते, हे तुमच्यामुळे कळलं.

या सगळ्यात तुम्ही आमच्याकडून फी घेतली नाहीत. आई आग्रह करत होती तेव्हा तुम्ही म्हणालात, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, उपकार नव्हे. तुमचं म्हणणं मान्य. पण हक्काने वकील मिळतो; जो माणूस आईला गुन्हेगारासारखं न वागवता तिच्या शेजारी बसतो, त्याचे आभार मानायलाच हवेत.

आई हल्ली शिवण टाकायला येणाऱ्या बायकांना १५१०० हा विधी सेवेचा नंबर सांगते. आमच्या वाड्यावरच्या दोघींचे असेच चेकचे खटले निघाले आहेत. एकीला वॉरंट आहे की नाही तेच ठाऊक नाही. येत्या आठवड्यात त्या तुमच्याकडे येतील. माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावांचे कागद, बँकेचं पासबुक आणि जुन्या-नव्या पत्त्याचे पुरावे बरोबर घ्यायला आईने त्यांना सांगून ठेवलं आहे.

आपली कृतज्ञ,
डिचोलीच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी