सर, तुमचं नाव तुम्हीच खोडलंत

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

माझा देवरायांवरचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांवरचा, शोधनिबंध परवा छापून आला. शीर्षकाखाली एकच नाव आहे, माझं. ते पाहिल्यापासून तुम्हाला लिहायचं घोकते आहे, आणि लिहायला बसलं की डोळे भरून येतात.

तुमच्याकडे येण्याआधी मी काय काय ऐकून आले होते, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईचा पेपर वाचायला कुणाला सवड नव्हती. एका वरिष्ठांनी फाईल न उघडताच सांगितलं, "पहिलं नाव माझं टाका, मग बघू." दुसऱ्यांनी एका नियतकालिकाचा नंबर दिला. पैसे भरा, आठवड्यात छापून येईल! मे २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली, तरी ही दुकानं चालूच आहेत. मुलाखतीत 'पेपर किती?' एवढंच विचारतात, 'पेपरात काय?' हे विचारत नाहीत, तोवर ती चालणारच.

तुम्ही मसुदा ठेवून घेतलात. परत दिलात तेव्हा पानापानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. झाडांच्या तक्त्याशेजारी, 'घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजला ना? मग तसं लिहा.' परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांच्या देवरायांवरच्या १९७६च्या निबंधाचा उल्लेख होता तिथे, 'तेव्हापासून राया कशा बदलल्या, हाच तुमचा मुद्दा. तो आठव्या पानावर का दडवलाय? वर आणा.' इतकी वर्षं त्या विषयात घालवून माझा मुद्दा नेमका काय आहे, हे मला कुणी तरी पहिल्यांदा सांगत होतं.

आणि ते पहिलं पान. तुमचं नाव मी दुसरे लेखक म्हणून घातलं होतं. तुम्ही मागितलं नव्हतंत, पण आमच्याकडे रीतच तशी. तुम्ही त्यावर आडवी रेघ मारलीत आणि समासात लिहिलंत, 'राईत झाडं तुम्ही मोजलीत. मी नव्हतो.'

सर, त्या एका ओळीची किंमत नोकरीच्या रांगेत उभ्या असलेल्यालाच कळेल. आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे निबंधाला दोन लेखक असले की प्रत्येकाच्या पदरी त्या निबंधाचे ७० टक्के गुण. दोनाहून जास्त झाले की पहिल्याला किंवा प्रमुखाला ७०, बाकी प्रत्येकाला ३०. माणसं नावासाठी भांडतात ती यासाठी. न केलेल्या कामावर हक्क सांगणारे ढीगभर भेटले. केलेल्या कामावरही हक्क न सांगणारे तुम्ही एकटे.

छापण्याआधी नियतकालिकातर्फे निबंध तपासणारे दोन परीक्षकही मला असेच वाटतात. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. एकाने एका झाडाचं शास्त्रीय नाव जुनं झाल्याचं दाखवून दिलं, नवं नाव संदर्भासकट लिहून पाठवलं. परक्याचं लिखाण ओळ न ओळ वाचायचं, त्याला ना मानधन ना बढतीत मोल. तरीही काही माणसं ते मन लावून करतात, म्हणून माझ्यासारखीचा खरा पेपर खऱ्या नियतकालिकात येतो.

छापील प्रत आजच पोस्टात टाकली आहे. शेवटच्या पानावर आभारात तुमचं नाव आहे. ते तुम्हाला न विचारता घातलंय, आणि तिथून ते मी तुम्हाला खोडू देणार नाही.

तुमची कृतज्ञ,
एक प्राध्यापिका