नऊ नंबरची सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या मुलांनी अभ्यासाचा ताण कसा घालवावा याचे पाच उपाय आपण कालच्या अंकात छापलेत. आईने ते कात्रण कापून फ्रिजवर लावलं आणि मला म्हणाली, "बघ, किती सोपं असतं." म्हणून हे पत्र. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सकाळी पावणेसहाच्या सुमाराची गाडी पकडायची आहे आणि आपला दुसरा उपाय 'आठ तास झोप' हा आहे. तो आजपुरता बाद.

पहिला उपाय खोल श्वसनाचा. प्रवासात पाच मिनिटं डोळे मिटून खोल श्वास घ्यावा म्हणे. लेखक महोदय संध्याकाळी ठाण्यानंतर लेडीज डब्यात कधी उभे राहिलेले नसणार (राहूही नयेत, दंड होतो). तिथे आपण श्वास आत घ्यायचा तर शेजारणीने आधी बाहेर सोडावा लागतो. आणि डोळे मिटले की "कुठे उतरणार?" हा प्रश्न ऐकू येत नाही, मग चौथी सीटही (तिघींच्या बाकावरची कशीबशी टेकायची जागा) हातची जाते.

मी टिटवाळ्याची. सीएसएमटीपासून 64 किलोमीटर. कॉलेज दादरच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथेच दिवस काढायचे आहेत. बी.एस्सी., दुसरं वर्ष, विषय वनस्पतिशास्त्र. घरातून निघून वर्गात बसेपर्यंत एक तास चाळीस मिनिटं, परतताना तेवढीच. नव्या शैक्षणिक धोरणात सगळं क्रेडिटमध्ये मोजतात, थिअरीचे 15 तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे 30 तास म्हणजे एक. सत्र 15 आठवड्यांचं, आठवड्याचे सहा दिवस कॉलेज. एकदा कळवा ते मुलुंड गाडी रखडली तेव्हा मी हिशेब केला, एका सत्रात माझे 300 तास प्रवासात जातात. प्रॅक्टिकलच्या दराने 10 क्रेडिट, थिअरीच्या दराने 20. अख्ख्या सत्राचे मिळून 22 असतात. म्हणजे मी दर सत्राला जवळजवळ दोन सत्रं करते, मार्कशीटवर एकच येतं.

तिसरा उपाय वेळेच्या नियोजनाचा. त्यावर हसू आलं ते सांगते. माझं प्रॅक्टिकल एक वाजता संपतं आणि वाणिज्य शाखेचा जो ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा विषय, मी घेतलाय (घेतलाय कसला, त्यातच जागा उरल्या होत्या), त्याचं लेक्चर साडेतीनला असतं. मधले अडीच तास जिन्यावर. लायब्ररीत बसायला जागा मिळाली तर लायब्ररीत. हजेरी त्या लेक्चरलाही 75 टक्के लागते. चौथा उपाय, रात्री मोबाइल दूर ठेवा. ठेवला होता एकदा. 'उद्याचं पहिलं लेक्चर होणार नाही' हा मेसेज रात्री सव्वाअकराला आला होता, तो मी सकाळी कुर्ल्याला वाचला.

पण हे सगळं चालतं, सवयीचं आहे. आणि अभ्यासाचा म्हणाल तर मला ताण नाहीच, अभ्यास मला आवडतो. मला छळते ती अभ्यास केल्याची सही. त्यावर आपल्या पाच उपायांत अवाक्षर नाही.

जर्नल काय प्रकार आहे हे आपल्या सायन्सवाल्या वाचकांना सांगायला नको. कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, लेबलं एका बाजूला पट्टीने ओढून, समोरच्या रेघांच्या पानावर मजकूर, दर प्रॅक्टिकलला एक सही, शेवटी अनुक्रमणिकेवर सह्या, मग सर्टिफिकेटच्या पानावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का. एक जरी राहिली तरी शिक्का नाही. शिक्का नाही तर परीक्षेला बसता येत नाही.

माझी नऊ नंबरची राहिली. सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा आडवा छेद. त्या दिवशी सिग्नलमध्ये बिघाड झाला आणि मी कॉलेजात पोचले साडेअकराला. माझी बॅच त्या दिवशी आठची होती. गुरुवारच्या बॅचच्या मॅडमनी मला त्यांच्यात बसवून घेतलं. ब्लेडने वीसेक छेद घेतले, त्यातले दोन बरे निघाले, सॅफ्रनिनमध्ये रंगवले, ग्लिसरीनचा थेंब टाकून कव्हरस्लिप ठेवली, आत बुडबुडा एकही नाही. मॅडमनी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि म्हणाल्या, "ही स्लाइड राहू दे, बाकीच्यांना दाखवते." वाहक वृंदांचं (पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यांचं) कडं इतकं स्वच्छ दिसत होतं की मी स्वतः तीनदा पाहिलं. दीड वर्षात मला कॉलेजात मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. फेअर जर्नल घरी होतं, म्हणून मॅडमनी रफ वहीत सही केली. "पुढच्या गुरुवारी जर्नल आण."

पुढच्या गुरुवारी मॅडम नव्हत्या. त्या तासिका तत्त्वावर होत्या. जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, दिवाळी आणि मे महिन्यात घर कसं चालवायचं ते तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्या कॉलेजात जास्त तास मिळाले, त्या गेल्या. मी त्यांना दोष देत नाही.

आमचे सर म्हणाले, "त्या दिवशी मी तिथे नव्हतो. मी सही कशी करू?" त्यांचं चूक नाही, रागवायचं तरी कुणावर? विभागप्रमुख म्हणाले, प्रॅक्टिकल पुन्हा कर. लॅबमधले काका म्हणाले, सूर्यफूल संपलं, आता मक्याचं खोड आलंय. मक्याचं खोड म्हणजे दहा नंबर, ते माझं झालेलं आहे आणि त्यात हे वृंद कड्यात नसतात, विखुरलेले असतात. मी हे सांगितलं तर विभागप्रमुख म्हणाले, "मग अर्ज दे." अर्जाला गाडी बंद पडल्याचा पुरावा जोडायचा. मी स्टेशन मास्तरांकडे गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या दिवशी गाडीत तू एकटीच होतीस का? अख्ख्या लाइनला लिहून देत बसू?" पुरावा म्हणून आपल्या पेपरातली बातमी कापून जोडली, तर ऑफिसात म्हणाले, कात्रण चालत नाही. आपल्या अंकाबद्दलचं ऑफिसचं हे मत मी फक्त आपल्या कानावर घालते. ऑफिसची खिडकी 11 ते 1. माझं प्रॅक्टिकल एरवी 11 ते 1. एका खिडकीसाठी मी एक प्रॅक्टिकल बुडवलं असतं तर आणखी एक सही राहिली असती.

शेवटी एका मैत्रिणीकडून मॅडमचा नंबर मिळाला. त्या आता कल्याणच्या बाजूला शिकवतात. शनिवारी दुपारी दीड वाजता आम्ही कल्याण स्टेशनला पुलाखाली भेटलो. मॅडमच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात तपासायच्या पेपरांची पिशवी. जर्नल टेकवायला जागा नव्हती, तर बंद पडलेल्या वजनाच्या काट्यावर ठेवलं. त्यांनी आधी आकृती पाहिली, "एपिडर्मिसचं लेबल थोडं खाली आलंय," म्हणाल्या आणि माझ्याकडून पेन्सिल घेऊन नीट केलं. मग विचारलं, "तारीख कुठली घालू?" मी त्या गुरुवारची सांगितली. सही झाली. त्यांची गाडी लागली, धावत गेल्या. चहा विचारायचंही राहून गेलं.

सोमवारी विभागात जर्नल दिलं. पान न उघडता, दोन मिनिटांत शिक्का. माझी दीड महिन्याची धावपळ ज्या पानासाठी, ते कुणी पाहिलंसुद्धा नाही. ती सही मी गाडीत बसून स्वतः ठोकली असती तरी चाललं असतं, असं वर्गातल्या चौघांनी मला नंतर सांगितलं. त्या चौघांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

शिक्षकांच्या जागा कायम भरल्या असत्या तर ज्या मॅडमनी शिकवलं त्याच सही करायला हजर असत्या, एवढं तर लेखकाला सुचायला हरकत नव्हती. यावर पुरवणीत कधी पाच उपाय आले तर आईला कात्रण लावायला मी स्वतः चुंबक देईन.

पाचवा उपाय राहिला, कुटुंबाशी मोकळेपणाने बोला. बोलते की. सध्या आजीशी हर्बेरियमवरून बोलणं होतं. पाच वनस्पती वाळवून, दाबून, शीटवर चिकटवून द्यायच्या आहेत. टाकळा, आघाडा आणि तेरडा झाले. आजीचं म्हणणं, "टाकळा कोवळा होता तेव्हा भाजीला आणला नाहीस, आता जून झाल्यावर पेपरात घालून झोपवतेस होय?" फुला-शेंगांशिवाय नमुना चालत नाही हे तिला पटत नाही.

आणि आता विषय निघालाच आहे तर, झाडं दाबायला जुनी वर्तमानपत्रं लागतात, कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. आमच्याकडे बावीस वर्षं आपलाच पेपर येतो. पण हल्ली निम्म्या अंकाला गुळगुळीत कागद असतो, तो पाणी शोषत नाही. उरलेल्या अर्ध्यात पानभर फ्लॅटच्या जाहिराती, त्यांची शाई सुटते. माझ्या तेरड्याच्या पाकळीवर 'ताबा लगेच' असं उलटं उमटलंय. ते खरवडलं तर पाकळी जाते. नमुन्याखाली वनस्पतीचं नाव, कुळ, ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचं नाव लिहितात. बिल्डरचं लिहायला तिथे रकाना नाही.

दोन नमुने अजून बाकी आहेत, सोमवारी द्यायचेत. तोवर आपण निदान मधली चार पानं साध्या कागदावर, जाहिरातीशिवाय काढलीत तर उपकार होतील. मजकूर कुठलाही चालेल, ते पाच उपाय पुन्हा छापलेत तरी.

आपली,
द्वितीय वर्ष बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, टिटवाळा
(नाव छापू नये, जर्नल अजून विभागातच आहे.)