तोंडाची कोरड अंगावर काढू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात कुणी तोंडाला कोरड पडते म्हटले, की ‘उष्णता झाली असेल, कोकम सरबत घे’ हे उत्तर ठरलेले. पण ऐन थंडीतही कोरड जात नसेल, डोळेही चुरचुरत असतील, तर शोग्रेन्स सिंड्रोमची शंका घ्यायला हवी. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया, त्याही बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या.

माझ्या वहिनींना भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसे. दात किडत ते हिरडीच्या कडेला, मुळापाशी. कॅप बसवली तर तिच्याखाली पुन्हा कीड. गोड बेताचे, दोन वेळा ब्रश, तरी दरवेळी ‘नीट घासत नाही’ हाच ठपका. याची मला फार चीड येते. अखेर एका तरुण दंतवैद्य मुलीने डोळ्यांबद्दल विचारले आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. रक्त तपासले, ओठाच्या आतून बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा निदान झाले.

निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती अन्नकण धुऊन नेते, आम्लाचा जोर कमी करते, दातांना कॅल्शियम परत पुरवते. ती आटली की नुसता ब्रश पुरा पडत नाही. जिभेला चिरा पडतात, तोंडात बुरशी धरते, कवळी टिकत नाही. त्यात कोरड घालवायला बायका लिंबाच्या गोळ्या चघळतात. साखर आणि आम्ल दोन्ही दातांच्या मुळावर येतात. त्यापेक्षा बिनसाखरेचे च्युइंग गम आणि पाण्याचे घोट बरे. डॉक्टर जास्त फ्लोराइडची पेस्ट देतात, काहींना लाळ वाढवणाऱ्या गोळ्याही. आजार मुळापासून जात नाही, पण दात वाचवता येतात.

रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या काही औषधांनीही कोरड पडते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. दंतवैद्य पहिल्या भेटीत मधुमेह, रक्तदाब विचारतातच. शहरातल्या सर्व दवाखान्यांनी, पालिकेच्याही, तोंड आणि डोळे कोरडे पडतात का हेही विचारावे. आरोग्यविम्यात दातांचा खर्च सहसा बसत नाही, म्हणून उशिरा झालेल्या निदानाचा भुर्दंड घरालाच पडतो.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे