राऊटर बदलायचा हक्क ग्राहकाला मिळालाच पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातला वायफाय राऊटर बदलणं म्हणजे दुकानातून नवा मिक्सर आणून लावण्याइतकं सोपं काम असायला हवं. पण आपल्याकडे तसं होत नाही, आणि यात मशीनचा दोष कमी, इंटरनेट कंपन्यांच्या अडवणुकीचा जास्त, असं माझं आता ठाम मत झालंय, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे लोकल केबलवाल्यामार्फत घेतलेलं फायबरचं कनेक्शन आहे. मुलगी घरून काम करते, तिच्या खोलीत मीटिंग चालू असताना आवाज तुटायचा, म्हणून आधी १०० एमबीपीएसचा (हे इंटरनेटच्या वेगाचं माप) प्लॅन ३०० चा केला. काही फरक नाही. मग चांगले पैसे घालून वायफाय ६ (वायफायची नवी पिढी) वाला राऊटर आणला, तर आवाज तुटायचा थांबला पण स्पीड काही ९४-९५ च्या वर जाईना. दुकानदार म्हणतो लाइन खराब आहे, केबलवाला म्हणतो राऊटर खराब आहे, दोघंही आपापल्या जागी ठाम आणि मध्ये ग्राहक. शेवटी ओळखीतल्या नेटवर्किंगचं काम करणाऱ्या एका मुलाने येऊन बघितलं, तर भिंतीवर फायबर ज्या डब्यात येते, ज्याला ओएनटी म्हणतात, त्याचं लॅन पोर्टच, म्हणजे राऊटरची वायर खोचायची जागा, १०० एमबीपीएसचं निघालं! म्हणजे पुढे कितीही भारी राऊटर लावा, त्या पोर्टमधून १०० च्या वर काही येणारच नाही. आता हा डबा कंपनीने दिलेला, कुठल्या ग्राहकाकडे कुठला डबा आहे याची नोंद कंपनीकडे असते, मग ३०० चा प्लॅन विकताना आणि पैसे घेताना हे सांगायची जबाबदारी कोणाची होती? मला याचा खरंच राग आला, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक आहेत, मुलं परदेशात, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, आणि नेट अडकलं की केबलवाला म्हणतो मोठा प्लॅन घ्या. ते बिचारे घेतात. त्यांना पोर्ट कुठलं हे कोण सांगणार?

दुकानातल्या खोक्यांचंही तेच. वर मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं असतं, ते म्हणजे राऊटर ज्या दोन रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर (बँडवर) चालतो, त्यातल्या २.४ गीगाहर्ट्झच्या बँडचे ३०० आणि ५ गीगाहर्ट्झचे ८६७ अशी बेरीज करून वर गोल केलेला आकडा. एक फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे तो वेग कुठल्याच फोनला मिळत नाही. आणि असल्या १२०० वाल्या बऱ्याच स्वस्त राऊटरना मागची पोर्टं १०० चीच असतात, ते कुठेतरी बारीक अक्षरात. घेताना आधी पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचं, आहे का ते विचारा, आणि घरातली जुनी वायरही बघून घ्या, आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोनच जोड्या टोकाच्या कनेक्टरमध्ये बसवलेल्या (क्रिंप केलेल्या) असतील तरी १०० वरच अडकतं. नव्या राऊटरला वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवलात तर फोन, टीव्ही बहुतेक आपोआप जोडले जातात, फक्त सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) ठेवू नका, जुने टीव्ही आणि स्मार्ट बल्ब त्याला जोडले जात नाहीत.

पण खरी अडचण पुढे आली. तक्रार करून करून ओएनटी बदलून मिळाला, गिगाबिटचा. आता त्या डब्याला स्वतःचा वायफाय आणि राऊटर, त्याच्या पुढे माझा राऊटर, म्हणजे एकामागे एक दोन राऊटर, त्यात घराबाहेरून कॅमेरा बघता येईना आणि मुलीच्या ऑफिसचं व्हीपीएनही (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) मधेच तुटायला लागलं. यावर उपाय सरळ आहे, कंपनीने आपला डबा ब्रिज मोडवर टाकायचा, म्हणजे त्यातला राऊटर बंद होऊन तो नुसतं नेट पुढे देतो, आणि पीपीपीओईचा, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचा, आयडी-पासवर्ड ग्राहकाला द्यायचा, की त्याच्या राऊटरमध्ये तो भरता येतो. टेक्निशियन म्हणाला, "काका, ते आम्ही देत नाही, वरून मनाई आहे." कस्टमर केअरवाले म्हणाले सिस्टीममध्ये तशी सोयच नाही. आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या भागातल्या ग्राहकाला, आमच्या नात्यातल्याच, एका फोनवर ब्रिज मोड करून मिळालाय. मग सोय आहे की नाही? त्या डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्डही आम्हाला देत नाहीत, आणि वायफायचा पासवर्ड म्हणून सर्रास ग्राहकाचा मोबाईल नंबरच टाकून जातात, जो अख्ख्या सोसायटीला माहीत असतो.

कंपन्यांची बाजू मला थोडी समजते. ओएनटी सिरीयल नंबरने त्यांच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो, आणि बिघडलेला डबा चुकीच्या वेळी सिग्नल पाठवायला लागला तर त्याच फायबरवरच्या बाकी घरांचंही नेट बंद पडू शकतं, त्यामुळे तो कंपनीचाच राहू द्या, माझी काही हरकत नाही. पण त्याच्या पुढचा राऊटर माझा आहे, माझ्या पैशाचा. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे, राऊटर कुठला वापरायचा ते ग्राहक ठरवतो, आणि लॉगिनची माहिती कंपनीने करार करतानाच, न मागता, फुकट आणि लेखी द्यायची. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली, चांगलंच झालं, पण कंपनीचा डबा तो वेग पुढे जाऊ देतोय का, याचा हिशोब कोण ठेवणार?

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. प्लॅन विकताना किंवा वाढवताना घरातल्या ओएनटीच्या पोर्टचा वेग बिलावर छापायचा, आणि कमी असेल तर डबा फुकट बदलायचा. दुसरं म्हणजे ग्राहकाने मागितल्यावर ब्रिज मोड आणि पीपीपीओईची माहिती ठरलेल्या मुदतीत, लेखी, एक पैसा न घेता द्यायची. तोपर्यंत वाचकांनी तोंडी उत्तरावर गप्प बसू नये. तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) नंबर घ्या, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा, २०१२ च्या नियमांनुसार अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो, आणि ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात असं स्पष्ट सांगितलंय. मी अपील केलंय, जो निकाल येईल तो आपल्याला कळवीन.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक