धातूचे नाव तरी छापायचे होते

महोदय,

‘समुद्राच्या पाण्यापासून स्वस्त हायड्रोजन’ ही कालची बातमी वाचली. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढताना ती क्रिया सोपी करणारा पदार्थ, म्हणजे उत्प्रेरक, कोणत्या धातूचा, हे अख्ख्या बातमीत नाही. ‘विशेष धातू’ म्हणे! अहो, बातमी तीच होती. आणि ‘पाणी फुकट, म्हणून हायड्रोजन स्वस्त’ हे कुठून आणले? एक किलो हायड्रोजनला पाणी लागते नऊ-दहा लिटर, वीज मात्र ५० युनिटच्या आसपास. खर्च विजेचा आहे आणि धनाग्र, म्हणजे पाण्यात बुडवलेली विजेची धन टोकाची कांडी, टिकवण्याचा आहे.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, त्यात निम्म्याहून जास्त क्लोराईड. धनाग्रावर ऑक्सिजन यायला हवा, तिथे क्लोरीन येऊ लागतो आणि धातू खातो. ऋणाग्रावर, म्हणजे ऋण टोकाच्या कांडीवर, मॅग्नेशियम-कॅल्शियमचा पांढरा थर चढतो तो वेगळाच, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढतो तसा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये निकेल-लोहाचे धनाग्र क्लोराईड अडवणाऱ्या थरासह हजार तासांवर चालवून दाखवले. तुमच्या बातमीतले किती तास चालले? अक्षर नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे. मिठाच्या पाण्याचे विद्युत अपघटन, म्हणजे विजेने विघटन, दाखवताना जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या वापरायचो. थोड्याच वेळात क्लोरीनचा वास सुटे, पुढच्या मुली ओढणी नाकाला लावत. एकदा एका मुलाने धन बाजूला कांडीऐवजी लोखंडी खिळा जोडला. तास संपेपर्यंत पाण्यात हिरवट-तांबूस गाळ आणि खिळा कुरतडल्यासारखा. हायड्रोजन काढणे सोपे, धनाग्र वाचवणे कठीण, हे त्या पोरांना मला वेगळे सांगावे लागले नाही. प्रयोगशाळेला एक्झॉस्ट फॅन हवा म्हणून अर्ज देत राहिले, निवृत्त होईपर्यंत मिळाला नाही.

नागपूरला समुद्र नाही म्हणून हा विषय परका नाही. धनाग्रावर मँगनीजच्या ऑक्साईडचा थर देऊन क्लोरीन रोखण्याचे काम जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकातच केले. ते मँगनीज आपल्याकडे मनसर, कांद्रीच्या खाणींत निघते. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मॉयल ही मँगनीज काढणारी सरकारी कंपनी विजेच्या साहाय्याने मँगनीज डायऑक्साईड तयारही करते, आणि मॉयलचे मुख्यालय काटोल रोडवर आहे. तुमच्या वार्ताहराला तिथे जायला किती वेळ लागला असता?

आमच्या कॉलेजच्या त्या प्रयोगशाळेत आता मोडकी बाके रचून ठेवली आहेत. अकरावी-बारावीची मुले दिवसभर कोचिंगला, कॉलेजात फक्त नाव. ब्युरेट हातात न धरता प्रॅक्टिकलचे पूर्ण गुण मिळतात. यावर तुमच्याकडे एक ओळ येत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र पहिले पान त्याच क्लासेसच्या जाहिरातीने भरते.

– एक निवृत्त प्राध्यापिका, धंतोली, नागपूर