घरात नॅलॉक्सोन ठेवण्याबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

धाकटा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतोय हे वाचून फार बरं वाटलं. पण 'आता धोका टळला' असं तू लिहिलं आहेस, ते मला पटत नाही. पुढचे काही आठवडेच सगळ्यात जोखमीचे आहेत, म्हणून घरात नॅलॉक्सोन, म्हणजे ओव्हरडोसचा असर उतरवणारं औषध, असायला हवं. हेरॉइन किंवा नशेच्या गोळ्या बंद असताना शरीराची सवय मोडते, मनाला मात्र जुनंच प्रमाण आठवत असतं. पूर्वी जेवढं घेऊन तो नुसता पेंगायचा, तेवढ्यानेच आता त्याचा श्वास थांबू शकतो. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (नशेची ओढ आवरायला डॉक्टर देतात ती औषधं) चालू ठेवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचार. 'हे दुसरं व्यसनच की' असं कोणी म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. हे उपचार चालू असतात तोवर ओव्हरडोसने मरण्याचा धोका बराच कमी राहतो.

ओव्हरडोसमध्ये माणूस जातो तो श्वास थांबल्याने. ओपिऑइड, म्हणजे हेरॉइनसारखं अफूच्या जातीचं द्रव्य, मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्राला दाबून टाकतं. दारू किंवा अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या सोबत असल्या तर हा दाब कैक पटींनी वाढतो. बाहेरून घेतलेल्या पुडीत किंवा बनावट गोळीत फेंटॅनिल हे कृत्रिम ओपिऑइड असेल तर ते हेरॉइनच्या सुमारे 50 पट तीव्र असतं आणि काही मिनिटांतच श्वास बंद पाडू शकतं.

ओळखायचं कसं? जोराने हाक मार, खांदे हलव. उठला नाही तर मूठ आवळून बोटांच्या पेरांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात घास. तरीही हालचाल नसेल आणि श्वास मंद, तुटक किंवा बंद असेल तर ओव्हरडोसच समज. ओठ-नखं निळसर किंवा राखाडी होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. पण बाहुल्या बघण्यात वेळ घालवू नकोस. एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना सांग: घशातून खोल घरघर येत असेल तर तो गाढ झोपलाय असं समजून दार लोटून घेऊ नका. ती घरघर म्हणजे श्वासमार्ग बंद होत चालल्याची खूण असू शकते, आणि नेमकी इथेच माणसं फसतात.

लगेच रुग्णवाहिका बोलाव. 'श्वास घेत नाही' हे शब्द आधी सांग. मग नॅलॉक्सोन. स्प्रे असेल तर त्याला उताणा झोपव, मान मागे कर, टोक नाकपुडीत पूर्ण आत घाल आणि दट्ट्या एकदाच दाब. चालतो का हे बघायला आधी दाबू नकोस, आत एकच डोस असतो. इंजेक्शन असेल तर 0.4 मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. कपड्यावरून दिलं तरी चालतं.

औषध चढेपर्यंत त्याला ऑक्सिजन हवा. तोंडात काही अडकलं असेल तर काढ, हनुवटी वर उचल, नाक चिमटीत धर आणि दर पाच सेकंदांनी एक श्वास दे, छाती वर येईल इतका. श्वास अजिबात नसेल आणि सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत) येत असेल तर छातीवर 30 दाब, मग 2 श्वास असं चालू ठेव. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा डोस दे. तो खडखडीत जागा होईलच असं नाही. श्वास नीट चालू झाला की पुढचे डोस देत सुटू नकोस. ओपिऑइड घेतलं नसेल तर नॅलॉक्सोनने अपाय होत नाही, तेव्हा शंका आली तरी दे.

गार पाणी ओतणं, मिठाचं पाणी किंवा दूध पाजणं, ओढून चालवणं, यातलं काहीही करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं फुप्फुसात जातं. श्वास चालू झाला की त्याला कुशीवर वळव, वरचा गुडघा वाकवून पुढे ठेव, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही.

जागा झाल्यावर तो उलट्या करेल, घामाघूम होईल, कदाचित तुझ्यावरच खेकसेल. नॅलॉक्सोनने सगळी नशा एकदम उतरवलेली असते, म्हणून ते होतं. मनावर घेऊ नकोस. त्या तगमगीत तो पुन्हा घ्यायला धावेल, तेव्हा समजावून थांबव. नॅलॉक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, मेथाडोनसारखं औषध मात्र त्यानंतरही अंगात असतं, आणि श्वास पुन्हा बुडू शकतो. म्हणून तो 'आता ठीक आहे' म्हणाला तरी रुग्णालयात ने.

नॅलॉक्सोनची डबी कपाटात कुलूपबंद ठेवू नकोस. ऊन आणि उष्णता लागणार नाही अशा, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेव आणि मुदत बघत राहा. धाकट्यालाही ती जागा दाखव आणि स्पष्ट सांग: पाय घसरलाच तर एकटा असताना घेऊ नकोस, आतून कडी लावू नकोस, कोणाला तरी हाक मार. हे बोलल्याने त्याला घ्यायची परवानगी मिळते असं काकूंना वाटेल. त्यांच्याशी मी फोनवर बोलेन, रविवारी सकाळी चालेल का ते कळव.

तुझा,
अविनाश